चित्राच्या डाव्या कडेबाहेर

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा गेम नव्या रुंद मॉनिटरवर लावला, की चित्र ताणतं आणि त्यातली माणसं अंगानं भरतात. विश्वजीतचा शूरवीर मूळचा शिडशिडीत. तो आता सरकारी कचेरीत पंधरा वर्षं काढल्यासारखा दिसत होता. विश्वजीत स्वतःच सरकारी कचेरीत असल्यामुळं त्याला हे साम्य आवडलं नाही.

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेतीन. सिडकोतल्या त्या घरात कूलर सोडून कुणी बोलत नव्हतं. बायको लासूर स्टेशनला माहेरी गेली होती. आई मनकर्णाबाई आतल्या खोलीत आडवी झाली होती; संध्याकाळी तिला बीपी दाखवायला न्यायचं होतं.

जुनी हार्ड डिस्क माळ्यावर सापडली होती. क्रांती चौकातल्या एका दुकानदारानं तिच्यातलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून दिलं आणि वर म्हणाला, "सर, ये डिस्क तो गई समझो. ऐसा क्या था इसमें?"

"गेम होता."

दुकानदारानं त्याच्या पिकलेल्या मिशांकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

खरं तर त्यात सोनिया होती.

सोनिया त्याची धाकटी बहीण, तेव्हा चौदा वर्षांची. विश्वजीत कॉम्प्युटरसमोर खुर्चीत, ही डावीकडं लाकडी स्टुलावर. माऊसला हात लावायची बंदी. गेममध्ये शूरवीराच्या मागं हिरव्या टोपीची एक तिरंदाज फिरायची, तिला सोनियानं स्वतःचं नाव दिलं होतं. आणि गेम सेव्ह करताना नाव टाकायचं खातं कायमचं तिच्याकडं. ती नावं अजून यादीत होती, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘दादा पळाला’, ‘लांडगा मेला आपण नाय’, ‘दादा परत पळाला’.

सगळ्यात शेवटी होतं, ‘मी थांबते’.

ही तिरंदाज दारात अडकायची, पायात यायची. त्या दिवशी पुलावर विश्वजीत वैतागला आणि त्यानं तिला ‘थांब’चा हुकूम दिला. सोनियानं सेव्हचं नाव टाकलं आणि म्हणाली, "दादा, लई कणकण आलीय. डॉक्टरकडं चल ना."

"पाच मिनिटं थांब."

त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला. डेंग्यू निघाला. आठव्या दिवशी ती गेली. दीड तासानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण ते न विचारताच म्हणाले, त्यामुळं विश्वजीतचा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

आता त्याला एवढंच करायचं होतं: ज्या पुलावर तिला थांब म्हटलं, तिथं जाऊन चल म्हणायचं. त्यासाठी तिच्यावर क्लिक करावं लागतं आणि त्यासाठी ती दिसावी लागते. त्यानं ती शेवटची सेव्ह उघडली, तर पुलावर शूरवीर एकटाच होता. या गेममध्ये प्रत्येक जागेचं एकच चित्र. चित्राची कड आली की जग संपलं.

पण इंटरनेटवर कुणा चिवट माणसानं या गेमसाठी रुंद पडद्याची फाइल करून ठेवली होती. सोबत सूचना होती की ही फाइल कडेबाहेरचंही दाखवते, आणि नको असलेली माणसं गेम तिथंच उभी करून ठेवतो. ती दिसतील, दचकू नये.

विश्वजीतनं रिझोल्यूशन एक पायरी वाढवलं. पडदा काळा झाला, पूल परत आला, आणि मधोमध चौकट उगवली: ही सेटिंग ठेवायची का? पंधरा सेकंदांत जुनी परत येईल. डाव्या कडेला काळोखाची एक पट्टी वाढली होती. त्या पट्टीत हिरवं काहीतरी होतं.

त्यानं ‘होय’ दाबलं. पुढची पायरी. टोपी, अर्धा खांदा. होय. त्याच्या पुढची, शेवटची.

ती सबंध दिसली. पायाखाली जमीन नाही, मागं काही नाही, नुसत्या काळ्यात उभी. पुलाकडं तिची पाठ होती. तोंड समोर होतं, बाहेर, खुर्चीकडं. खांदे हळूहळू वरखाली होत होते. उभ्या माणसाला गेम अशी हालचाल देऊनच ठेवतो, हे विश्वजीतला माहीत होतं. माहीत असून त्यानं उठून कूलर बंद केला.

तिच्यावर क्लिक करायला गेला, तर माऊसचा बाण जुन्या कडेपाशीच अडायचा. चौकटीतले आकडे उतरत होते. तेरा. बारा.

"चल गं, सोने," तो मोठ्यानं म्हणाला.

"विशू!" आतून आईची हाक आली. "लई गरगरतंय रं. आत्ताच नेतोस का दवाखान्यात?"

"पाच मि—"

जीभ तिथंच थांबली. पडद्यावर आठ होते. ‘होय’ दाबलं नाही तर ती परत अर्धी कडेबाहेर जाणार. तिच्याकडं बघत तो उठला तो असा की खुर्ची आडवी झाली.

"आलो, आई. आलो!"

आईचं बीपी बरंच वाढलं होतं. विश्वजीतनं डॉक्टरांना विचारलं, "उशीर तर नाही ना झाला?" ते म्हणाले, "छे, वेळेत आणलंत." या वेळी त्यानं स्वतः विचारलं होतं, म्हणून विश्वास ठेवावा लागला.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "कुणाला बोलत व्हतास मघाशी?"

"कुणाला नाय."

"सोने म्हनलास."

त्यानं तिच्या औषधांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

"अन् मग ‘आले’ कोण म्हनलं?"

"मीच म्हणालो आलो. तुला गरगरत होतं, आई."

"गरगरत डोक्यात व्हतं. कानात नाय."

आईला आत निजवून तो बाहेरच्या खोलीत आला. पडद्यावर आधीच्या पायरीचं रिझोल्यूशन परतलं होतं: मधे चौकोनी चित्र, दोन्हीकडं काळे पट्टे, आणि पट्ट्यांत आता कुणी नाही. पुलावर शूरवीर उभा होता, आणि त्याच्या अगदी पायात, नेहमीसारखी वाट अडवून, हिरवी टोपी.

सेटिंग मागं गेली, की कडेबाहेरच्या माणसांना गेम आत ओढून घेत असणार, असा खुलासा विश्वजीतनं मनाशी केला. खुलासा चांगला होता. तो दुकानदाराला विचारून तपासायचा नाही, हेही त्यानं ठरवलं.

त्यानं आडवी खुर्ची उचलली आणि सेव्हचं बटण दाबलं. नावाची रिकामी चौकट उघडली. आत उभी रेघ लुकलुकत राहिली.

नाव टाकायचं खातं त्याचं नव्हतं. त्यानं कीबोर्ड उचलला आणि डावीकडं, पूर्वी स्टूल असायचं तिकडं, सरकवून ठेवला.