कुरडयांवर राख

कावेरीनं कुरडई तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. दाताखाली कचकन वाजलं होतं. सकाळी दुधासारखी पांढरी घातलेली कुरडई दुपारपर्यंत उंदराच्या रंगाची झाली होती. या उन्हाळ्यात हे काही पहिल्यांदा नव्हतं. लातूरच्या व्यापाऱ्यानं तर फोनवर सांगूनच टाकलं होतं, "बाई, अजून एक खेप दाताखाली कचकचली तर माझं दुकान विसरा." तो गेला की धंदाच गेला. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, पहाटे उठून हाटा, सोऱ्या दाबून मनगटं सुजवून घ्या, आणि एवढं करून वर राख.

परळीहून धर्मापुरीकडं जाणारा रस्ता तिच्या गच्चीखालूनच जातो. वीज केंद्रातली राख वीटभट्ट्यांवर नेणारे टिप्पर त्यावरून दिवसभर पळतात. पळू द्या की. पण वर एक ताडपत्री टाकायला ह्यांचे हात झडतात का? राख अडावी म्हणून कावेरीनं गच्चीला पुरुषभर उंच भिंत घातली. विटा घेतल्या तेजश्रीच्या भट्टीवरून, कारण उद्योजिका मंचाचा नियमच तसा, की आधी आपल्या मैत्रिणीकडून घ्यायचं. तेजश्री त्या मंचाची अध्यक्ष. आणि त्या दुपारी कुरडई थुंकून कावेरीनं खाली उतरून टिप्पर अडवला, सटवा डायव्हरला विचारलं, "कुणाची राख रे ही?" तर तो म्हणाला, "तेजश्रीबाईच्या भट्टीची. रोज तिथंच जाती की."

कावेरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी मंचाची बैठक तेजश्रीच्याच दिवाणखान्यात होती. कावेरीनं काचेच्या टेबलावर काळपट कुरडयांची परात ठेवली. "ताई, खाऊन बघा."

तेजश्रीनं परातीला हात लावला नाही. "कावेरी, टिप्परचं सगळं अमरसिंह भाऊजी बघतात. दिराला मी काय सांगणार? भट्टी नुसती माझ्या नावावर हाय. आणि मंचात आपण चांगलं तेच बोलू या ना."

"मग अध्यक्षीण बी नावालाच का?"

ब्युटी पार्लरवाली शिवांजली पंख्याकडं बघायला लागली. बाकीच्या बायांनी पदर सारखे केले. ह्याच बाया दर महिन्याला टाळ्या वाजवायच्या, एकीला ठेच लागली की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, हे तेजश्रीचं वाक्य ऐकून. आता इथं ठेच लागलेली समोर उभी होती आणि सगळ्यांचे डोळे कोरडे ठणठणीत. कावेरीला वाटलं, परात उचलून भिंतीवर मारावी.

तेवढ्यात खानावळवाल्या छबुबाई बोलल्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, तोंडानं त्याहून. "तेजश्री, माझा गॅस संपला तवा ह्या पोरीनं आपली शेगडी बंद करून मला सिलिंडर दिला. त्यावर तू केवढं भाषण ठोकलंस. आता तुझी पाळी आली तर दीर आठवला व्हय?"

तेजश्रीनं चहा सांगितला. चहा कुणीच घेतला नाही.

बाहेर पडताना छबुबाई कावेरीला म्हणाल्या, "गच्चीवर कशाला घालतीस गं? राख जिथून उडती तिथंच घाल. आमी येतो."

सकाळी सूर्य वर यायच्या आत रस्त्यावर आडव्या बाजा पडल्या. त्यांवर धुतलेली लुगडी, लुगड्यांवर ओल्या कुरडया. छबुबाई चीक हाटायला बसल्या, शिवांजली नखं रंगवलेल्या हातांनी सोऱ्या दाबत होती. काल पदर सारखे करणाऱ्याही आल्या, जरा खालमानेनं. एसटी आली की बाज उचलून वाट द्यायच्या, दवाखान्याच्या गाडीला द्यायच्या. टिप्पर आला तेव्हा मात्र एकही बाज हलली नाही.

सटवानं गाडी बंद केली. "अन्नावरून चाक मी घालत न्हाई," म्हणाला आणि बिडी पेटवून बसला.

घडीभरात अमरसिंह जीप घेऊन आला. बायांना समजावायला म्हणून तेजश्रीला सोबत आणलेली. पण समजावतो कोण? "उचला हे सगळं," तो ओरडला. "सटवा, बघत काय बसलास बे? घाल गाडी!"

सटवा खाली उतरला, तेजश्रीपुढं गेला आणि चावी तिच्या हातावर ठेवली. "भट्टी तुमची, गाडी बी तुमच्याच नावावर. घालायची तर तुमी सांगा, वहिनी."

अमरसिंहनं हात पुढं केला. "आण इकडं."

तेजश्री त्या हाताकडं बघत राहिली, मग बाजांकडं. कुणी तिला काही सुचवलं नाही. कावेरी तर मनात म्हणत होती, दे, देऊन टाक चावी, म्हणजे तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळी होईन.

तेजश्रीनं मूठ मिटली. "आधी ताडपत्र्या आणा, भाऊजी. सगळ्या गाड्यांच्या. त्याबिगर ही गाडी हलणार न्हाई, आणि उद्यापासून एक बी न्हाई."

अमरसिंह तोंडातल्या तोंडात काहीतरी घाण बोलला आणि जीप वळवून गेला. तेजश्री रस्त्यात एकटी उभी राहिली. बायांपैकी कुणीतरी टाळी वाजवायला गेली, छबुबाईंनी तिचा हात धरला.

कावेरीचा राग तसूभरही उतरला नव्हता. एवढं एक वाक्य बोलायला हिला अख्खा उन्हाळा लागला, आणि तेही आम्ही रस्त्यावर बसलो तेव्हा. ती उठली, शिवांजलीच्या हातातला सोऱ्या घेतला आणि तेजश्रीपुढं धरला.

"ताडपत्री येईस्तोवर नुसतं उभं राहू नका. कुरडया घाला. मनगट दुखलं तर मला सांगू नका."