सलोमीच्या काहिलीचं बूड

ज्याला आपल्या पणजीचा शोध घ्यायचा आहे, त्यानं आधी पणजीच्या भांड्याला भोक पाडू नये. एवढी अक्कल त्या ड्वेनला असती, तर मला तोंड उघडावं लागलं नसतं. मित्रांनो, मी तांब्याची जुनी काहील आहे. उचलायला दोन माणसं लागतात. आणि आज सकाळपासून माझ्या बुडातून उजेड दिसतो आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका तांबटाच्या अंगणात झाला. हातोडीचे घाव सोसून मी गोल झाले. ड्वेनची पणजी सलोमी, तिच्या लग्नात तिच्या आईनं मला दिलं. पुढं तिचा नवरा जेकब इंडियानात नवी जमीन कसायला निघाला. गाडीत जागा थोडी. तो म्हणाला, "तिकडं नुसतं जंगल आहे. सफरचंदाचं झाड औषधाला नाही. हे धूड कशाला वाहायचं?"

"झाडं हिच्यातूनच येतायत," सलोमी म्हणाली.

तिनं माझ्यात ओली माती भरली, रोपं मुळांसकट बसवली आणि मला आपल्या जागेवर ठेवलं. स्वतः गाडीमागून चालत आली. वाटेत पाणी आधी रोपांना, मग जेकबला.

झाडांनी फळ धरायच्या आत जेकब तापानं गेला. लोक म्हणाले, जमीन विक आणि माहेरी जा. ती गेली नाही. कडेवर पोर, हातात कुदळ. बाग तिनं उभी केली.

मग दर शरदात माझ्याखाली चूल पेटायची. सफरचंदाचा रस उकळायचा, सोललेल्या फोडी पडायच्या आणि दिवसभर लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ढवळणं चालायचं. हात थांबला की गर करपलाच. संध्याकाळी काळसर, घट्ट गर मडक्यांत भरला जाई. हिवाळाभर पावावर तोच.

पंचक्रोशीत दुसरी काहील नव्हती. सलोमी मला कुणालाही द्यायची. अट एकच: घासून आणायची, आणि रिकामी आणायची नाही. एकदा शेजारचा हायरम मला तशीच चिकट घेऊन आला. सलोमीनं दारातच त्याच्यापुढं व्हिनेगर आणि मीठ ठेवलं. तो म्हणाला, "बायकोला पाठवतो." ती म्हणाली, "बायको कशाला? खाताना तूच होतास ना पुढं?" घासली त्यानं. मुकाट घासली.

एका साली गारांनी तिची बाग झोडपली. फळ म्हणून राहिलं नाही. पण मी दुसऱ्यांच्या चुलीवर फिरत होते, आणि प्रत्येक घरातून भरलेलं मडकं घेऊन परतत होते. त्या हिवाळ्यात तिच्या फडताळात मडकी मावेनात.

मित्रांनो, पुढं दुकानात बरण्या आल्या आणि मी गोठ्यात पडले. कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली. तो अपमान मी गिळला, कारण कोंबडीला सलोमी ठाऊक नव्हती.

ड्वेनला मात्र ठाऊक होती. कामावरून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ कब्रस्तानं पालथी घालतो आहे. दगडांवरचं शेवाळ खरवडतो आणि घरी येऊन सुस्कारे टाकतो. मी गोठ्यातून त्याचे सुस्कारे ऐकत होते. मला एकदा पुसावं, असं त्याच्या मनात आलं नाही. आलं ते भलतंच. उद्या सगळं कुटुंब जमणार म्हणून त्यानं मला ओसरीत ओढलं आणि बुडाला भोक पाडायचं यंत्र लावलं.

तेवढ्यात ओर्फा आत्या आली. सलोमीची नात, ऐंशी ओलांडलेली. तिनं हातातलं ॲपल पायचं ताट बाकावर ठेवलं.

"हे काय केलंस रे?"

"आत्या, पणजीनं हिच्यातच रोपं आणली, हे तूच सांगितलंस ना? म्हटलं, आपण फुलं लावू. तिची आठवण. पाणी निचरायला भोक नको?"

"तिनं माती भरली, बूड नाही फोडलं. पुढं हिच्यात शिजवायचं होतं तिला."

"आता कोण शिजवतंय? आणि मी तिच्यासाठीच हिंडतोय ना गं? दगडावर नुसतं 'जेकबची बायको'. तिचं स्वतःचं असं काही सापडतच नाही."

माझ्या अंगात विस्तव असता, तर तेव्हा मी उकळले असते. मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं भांडं पडलं असेल. ते शोभेला मांडू नका आणि फोडू तर नकाच. घासा आणि वापरा. ज्या हातांनी ते झिजवलं, ते हात तुम्हाला तिथंच सापडतील.

आत्या खाली वाकली. भोकात बोट घालून तिनं कडा चाचपली. बोटाला तांब्याचा कीस लागला, तो तिनं ड्वेनच्या सदऱ्याला पुसला.

"ड्वेन," ती म्हणाली, "कब्रस्तानात ती मेल्यावर गेली. जिती होती तेव्हा हिच्यापाशी उभी होती, आणि तू नेमकं इथंच भोक पाडलंस. उचल हिला. तांबट शोध आणि बूड सांधून घे. व्हिनेगर आणि मीठ लावून तूच घास, बायकोला सांगू नकोस. मग शरदात माझ्या दारी आण. आणि रिकामी आणलीस, तर पायरी चढू नकोस."