भिंत बसू द्यायची

आमचे बाबा गवंडी. त्यांनी बांधलेलं घर कधी गळलं नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. त्यामुळे घरात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

ओल्या चादरींची बादली उचलताना आईच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला आणि ती तिथेच खाली बसली. ठिसूळ झालेला मणका दबला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, मोठं ऑपरेशन नाही. पाठ बधिर करून सुईने मणक्यात सिमेंट भरायचं, की संध्याकाळी घरी. पण मोडलेलं ताजं आहे तोवरच उपयोग होतो."

सिमेंट म्हटल्याबरोबर बाबांच्या अंगात गवंडी संचारला. "नव्या भेगेत लगेच माल भरत नसतात, बाई. आधी भिंत बसू द्यायची. नाहीतर शेजारून दुसरी भेग उठते."

"बाबा, ही भिंत आहे का?" मी ओरडले.

आई कण्हत म्हणाली, "राहू दे गं. सिमेंटमधलं ह्यांना कळतं."

मी कपाळावर हात मारला. मग भिंत बसू दिली. आई उशी चावून कूस बदलायची. बाबा तिला उचलून संडासला न्यायचे, दूध पाजायचे आणि हळूच विचारायचे, "बसलं का गं?" मला त्यांचा इतका राग यायचा की त्यांच्यासमोर जेवण जात नसे.

उन्हाळा सरल्यावर ते आपणहून म्हणाले, "आता भरून घेऊ."

डॉक्टरीणबाई नवा फोटो बराच वेळ बघत राहिल्या. "हाड वाकडंच जुळलंय. आता सिमेंट भरून काही होणार नाही. पाठ अशीच राहील, दुखणंही."

बाबा पुढे सरकले. "फोडून पुन्हा नाही का जमणार?" बाईंनी नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर बाबांनी कपडेही बदलले नाहीत. स्वयंपाकघरात छताजवळ एक भेग होती. बसू दे, बसू दे म्हणत त्यांनी ती तशीच ठेवली होती आणि आई त्यावरून सारखी टोकायची. त्यांनी घमेल्यात माल कालवला, स्टुलावर चढले आणि थापीने भेग भरायला लागले. निम्मा माल खालीच पडत होता.

आई दाराशी काठी धरून उभी होती, कमरेत वाकलेली. "भरली का?"

"भरली. बघ तरी."

"कशी बघू?" फरशीवरच्या मालाकडे पाहत आई म्हणाली. "मान वर होत नाही हो माझी."