पेवातला दिवा

माझ्या धाकट्या बहिणीचं, जमनीचं लग्न ठरलं ते साल १९५८. वैशाखातली तिथी होती. वऱ्हाड मोठं येणार होतं, म्हणून बापूनं ठरवलं की पेव फोडायचं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड अरुंद, पोट रुंद, आतून शेणानं सारवलेलं आणि कडब्यानं मढवलेलं. वर दगड ठेवून मातीनं तोंड लिंपायचं. नेरच्या बाजूला गावोगाव पेवं होती, पण आमच्या बंजारा तांड्यात एकही नव्हतं. आमचे आजेपणजे बैलांवर मीठ आणि धान्य वाहणारे. धान्य म्हणजे गोणी, आणि गोणी म्हणजे बैलाची पाठ, एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्या शेताला लागून सदाशिवरावांचं शेत होतं. त्यांचं पाहून बापूनं आदल्या साली आमचं पेव खणलं. ज्वारी कमी झाली, ते अर्धंच भरलं.

सदाशिवरावांनी त्यांचं पेव फोडलं तेव्हा मी आणि बापू पोती धरायला गेलो होतो. दगड बाजूला करून त्यांनी ते दिवसभर उघडं ठेवलं. दुसऱ्या सकाळी त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, तोंडाशी हळदकुंकू वाहिलं. मग सदाशिवरावांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला आणि हात जोडले. कंदील विझला. "पेव आज नाही म्हणते," ते म्हणाले, आणि आम्हाला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी कंदील जळत राहिला, तेव्हा माणूस उतरला.

वाटेनं बापू हसत होता. म्हणाला, यांची देवी भलतीच कंजूस आहे, ज्वारी द्यायची तर दोनदा दिवा मागते. घरी येऊन त्यानं याडीला, माझ्या आईला, सगळं रंगवून सांगितलं. तीही हसली. आपली आपली देवी, आपली आपली रीत. आम्ही बोट ठेवलं नाही, आणि विचारलंही नाही.

बापूचं नाव बाबुलाल. लहानपणी तो आजाच्या बैलांमागं चालला होता. त्याच्या नाकाची तांड्यात ख्याती होती. पोत्याला नुसतं नाक लावून तो सांगायचा की मधली ज्वारी ओलसर आहे. अनोळखी झऱ्याचं पाणी तो आधी हुंगायचा, मग बैलांना पाजायचा. जे नाकाला कळलं नाही ते नाहीच, असा त्याचा हिशेब. आमचाही तोच.

पेव फोडायच्या सकाळी याडीनं तोंडाशी निखारे मांडले, तूप-गुळाचा भोग लावला. आमच्यात शुभकामाला हीच रीत. निखारा झकास फुलला, तूप भडकलं. याडी म्हणाली, सेवाभायानं, आमच्या संतानं, मान्य केलं. मग आम्ही दगड सरकवला.

बापू पालथा पडून आत वाकला. लांब श्वास घेतला. जुन्या ज्वारीचा थोडा आंबूस वास येतो, बाकी "काई छेनी", म्हणजे काही नाही, असं आमच्या बोलीत म्हणाला. दोर धरून खाली उतरला. दीड पुरुष खाली ज्वारीवर उभा राहिला, टोपलं मागितलं. जमनी पोतं धरून वर उभी होती. बापू तिला चिडवत होता, की तुझा सासरा एकटाच पायलीभर भाकरी खाईन, त्याच्यासाठी येगळं पोतं भर. टोपल्यात दोन ओंजळी पडल्या आणि तो मटकन खाली बसला.

आम्ही हसलो. याडी म्हणाली, म्हातारा व्याह्याची नक्कल करून राह्यला.

बापू एका कुशीवर कलला. तोंड ज्वारीत गेलं. ओरडला नाही, खोकला नाही. माझा थोरला भाऊ भावसिंग दोर न धरताच आत उतरला. बापूच्या काखेत हात घातले, त्याला अर्धा उचलला आणि त्याच्यावरच पडला. मी पाय आत सोडले तशी जमनीनं मागून माझी कंबर मिठीत धरली. ती सोडेना. तिला मी मारलं, तरी सोडेना.

आरडाओरड ऐकून सदाशिवराव दोन गडी घेऊन धावत आले. त्यांनी आधी कंदील मागितला. दिवसाढवळ्या कंदील लावला, दोरीनं आत सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत गेली. वारा नव्हता. कोणी फुंकली नव्हती. वर काठाशी याडीचे निखारे अजून लाल होते.

मला अजून तो क्षण समजत नाही. पुढं तिशी उलटल्यावर मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो, तेव्हा पुस्तकात त्या हवेचं नाव वाचलं. साठवलेलं धान्य श्वास घेतं, त्यातून ती होते, तिला वास नाही, रंग नाही. तीन ओळी होत्या. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. त्या दिवशी मात्र आम्ही सगळे आत बघत होतो आणि आत काहीच नव्हतं.

गड्यांनी ओल्या गोधड्या दोरीला बांधून आत टाकल्या, वर ओढल्या, पुन्हा टाकल्या. त्यानं हवा हलते. कंदील जळत राहिला तेव्हा एक गडी कमरेला दोर बांधून उतरला. आधी भावसिंग निघाला, मग बापू.

सदाशिवरावांनी याडीला विचारलं, "मानीबाई, कंदील काहून नाही सोडला?"

"तो तुमच्या देवीचा दिवा, भाऊ," याडी म्हणाली. "आमी आमचा भोग लावला."

सदाशिवराव मातीत बसले. "देवीचा नाही तो," ते म्हणाले. "आत माणूस जगते का, ते पाह्यचा दिवा हाये."

"मंग तुमी हात काहून जोडले?"

"माया बाप जोडे. म्हून मी जोडतो." मग म्हणाले, "मले वाटलं, तुमाले दिसलं."

आम्ही पाहिलं होतं. दिवा पाहिला, दोरी पाहिली, जोडलेले हात पाहिले.

भावसिंगला दुपारी शुद्ध आली. वैद्यानं विचारलं, आत काय झालं. तो म्हणाला, "काहीच नाही झालं. वास आला असता तर मी बापूले आंधी वर ओढलं असतं." मग त्यानं बापू कुठं आहे ते विचारलं. याडीनं त्याचा हात धरून ठेवला. सांगितलं जमनीनं.

बाबुलाल, माझा बाप, १९५८ साली अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, पेवात मेला. भावसिंग वाचला.