आजींच्या खांद्याइतकी मेंदी

मित्रांनो, मी मेंदीची एक जुनी रांग आहे. दोन अंगणांच्या मधोमध उभी असते, म्हणून लोक मला कुंपण म्हणतात. माझ्या एका बाजूला घड्याळजी आणि त्यांची म्हातारी आई, म्हणजे आजी, राहतात. दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणाऱ्या काकू. त्यांच्या खिडकीतून दिवसभर मशीनचा आवाज येतो.

मला लावलं ते सगळ्यांनी मिळून. रोपं काकूंनी आणली, खड्डे घड्याळजींनी खणले आणि ओळ सरळ यावी म्हणून दोरी धरली आजींनी. आपापली बाजू आपण कापायची आणि माथा आजींच्या खांद्यावर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. कारण मुलगा दुकानात गेला की आजी घरी एकट्या असत. रोज सकाळी त्या माझ्यावरून हात वर करायच्या. काकू मशीनवरून मान वर करून आपला हात हलवायच्या. मी ठीक आहे, एवढंच त्या हाताचं म्हणणं असे.

पुढे माझं कौतुक होऊ लागलं आणि तिथेच बिनसलं. एवढं सुरेख कुंपण कुणाचं, असं कुणी विचारलं की दोन्ही अंगणांतून एकदम 'आमचं' असं उत्तर यायचं. एकाने खड्ड्यांची आठवण काढायची, दुसरीने रोपांची. मला मात्र गुदगुल्या व्हायच्या.

मग माझी मुळं सांडपाण्याच्या नळीत शिरली आणि दोन्ही मोऱ्या तुंबल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, कुंपण ज्याचं असेल त्याने नळी बदलून घ्यावी. झालं! काल 'आमचं' म्हणणाऱ्या दोघांनीही काखा वर केल्या. एवढंच नव्हे, मला कात्री लावली तर मालकी कबूल केल्यासारखं होईल, या धास्तीने दोघांनी मला कापणंच सोडलं. माझी फांदी काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकू लागली. काकूंनी कपड्यांची दोरी दुसरीकडे बांधली, पण फांदीला हात लावला नाही. आजींनी मुलाला माथा तरी कमी कर म्हणून विनवलं. आधी त्यांना करू दे, असं तो म्हणाला.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तो तिसरा मी होते. मी ऐटीत वाढले. आजींच्या खांद्यावरून गेले, डोक्यावरून गेले. त्या टाचा उंचावून हात वर करू लागल्या. पुढे तेही पुरेना, तेव्हा स्टुलावर चढू लागल्या. मी बघत होते आणि वाढत होते.

एका सकाळी स्टूल कलंडलं. आजी माझ्या मुळाशी पडल्या. त्यांनी काकूंना हाका मारल्या. पलीकडे मशीन चालू होतं आणि मध्ये मी होते, गच्च. दुपारी मुलगा जेवायला आला तेव्हा त्यांना उचललं गेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

काकूंना कळलं तशा त्या हाताला लागली ती कात्री घेऊन धावत आल्या. ती कापडाची कात्री होती. तिने त्या कुणाला कागदही कापू देत नसत. तिनेच त्या माझा माथा कापू लागल्या.

"कुंपण माझं आहे," त्या रडत म्हणाल्या. "नळी मी बदलते."

घड्याळजी मान खाली घालून उभे होते.

"माझंही आहे, ताई," ते म्हणाले आणि आत जाऊन मोठी कात्री घेऊन आले.

आजी आता उभ्या राहू शकत नाहीत. त्यांची खाट खिडकीशी लावली आहे. खाटेवरून पलीकडचं दिसावं म्हणून दोघांनी मला मधोमध पार खाली कापलं आहे. त्या फटीतून रोज सकाळी एक बारीक हात वर होतो आणि मशीन थांबतं.

पण मित्रांनो, त्या फटीतही मला पालवी फुटते. वाढणं माझ्या हातात नाही, असं मी स्वतःला समजावते. खरं सांगू? तेव्हा मला थांबायचंच नव्हतं. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या अंगणाशी माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर ती कुणाची हे सावकाश ठरवा. आधी तिचा माथा कापा. पलीकडे कुणीतरी टाचा उंचावून उभं असेल.