तडा गेलेल्या पायाची बुटकी

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, हात नसलेली लाकडी खुर्ची आहे. मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, ही बालवाडीतून पळून आलेली दिसते. तसे नाही. माझे घराणे मोठे आहे. ज्या झाडाच्या लाकडापासून मी झाले, त्या झाडावर एकदा वीज पडली होती. झाडाला काही झाले नाही. वीजच लंगडत परत गेली. त्याच झाडाच्या फांदीला लोंबकळून एक हत्ती झोका घेत असे, असेही आमच्यात सांगतात. पण हत्तीबद्दल माझी खात्री नाही, म्हणून ते मी छातीठोकपणे सांगत नाही.

सुताराच्या हातून निघाले तेव्हा मी चांगली उंच होते. पाठ ताठ, दोन्ही बाजूंना नक्षीचे हात. मला वाटले, आता एखाद्या न्यायाधीशाकडे जाणार. गेले ती एका शुश्रूषागृहात. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, अशी माणसे तिथे येतात. त्यांचे उरलेले दिवस कमी दुखत, माणसांच्या सोबतीने जावेत, एवढेच तिथले काम. एवढेच म्हटले खरे, पण ते किती अवघड असते हे मी पलंगाच्या कडेला उभी राहून वर्षानुवर्षे पाहिले.

माझी उंची कशी गेली, तेही ऐका. त्या पलंगावर एकदा दुसराच एक सुतार आला. हाडाचा कारागीर, आणि आता अंगात नुसती हाडेच उरलेली. एके दिवशी तो तिथल्या मोठ्या सिस्टरना म्हणाला, "सिस्टर, तुमची माणसं चांगली आहेत हो, पण मला सगळ्यांच्या नाकपुड्याच दिसतात. डॉक्टर आले, नाकपुड्या. मेहुणा आला, नाकपुड्या. जाता जाता माणसानं दुसऱ्यांच्या नाकातले केस बघत पडायचं का?"

त्याने घरून करवत मागवली. मला पलंगावर आडवी घेतली. तो आडवा, मी आडवी, आणि मेहुणा मला धरून बसलेला. माझे चारही पाय त्याने गुडघ्याखाली कापले. पलंगाच्या कठड्याला अडतात म्हणून हातही उतरवले. चादरभर भुसा झाला म्हणून सफाईच्या मावशी दिवसभर बडबडत होत्या. मग मोठ्या सिस्टर माझ्यावर बसल्या, आणि त्यांचे डोळे बरोबर त्याच्या उशीसमोर आले. सुतार एवढेच म्हणाला, "हां. आता बोला."

तेव्हापासून माझे नाव बुटकी पडले. सिस्टर माझ्यावर बसून जखमा धूत, वाटीतून पाणी पाजत, आणि कधी कधी नुसत्याच बसत. डॉक्टरही उभ्याने बोलायचे विसरले. बसून बसून माझ्या बैठकीत एवढा खळगा पडला की त्यात मांजर आरामात व्याली असती. एक मांजर जागा बघून गेलीही होती, मावशींनी हाकलली.

मग एका पाहुण्याने माझ्यावर बसून अशी दणदणीत जांभई दिली की माझ्या मागच्या डाव्या पायाला तडा गेला. त्याच सुमारास नवे व्यवस्थापक आले. सज्जन माणूस, पण त्यांना चकचकीत गोष्टींचे भारी वेड. त्यांनी नव्या खुर्च्या आणल्या. उंच, गुबगुबीत, रुंद हातांच्या, अंगावरचे प्लास्टिकही न काढलेल्या. माझ्या पाठीवर खडूने 'भंगार' असे लिहून मला त्याच खोलीत पडद्यामागे उभे केले. डोक्यावर चादरींचा गठ्ठा ठेवला. मित्रांनो, चादरींचे ओझे मला कधीच जड वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

भंगारवाला यायचा होता, त्याच दुपारी एक आजी आल्या.

चाकाच्या खुर्चीतून आल्या, सोबत थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. पडद्याच्या फटीतून मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, पण तेवढाही पुरे होता. डोळे असे फिरत होते, जणू भाजी निवडताहेत.

"आई, तू उगाच आलीस," मुलगा म्हणाला. तो उभाच होता, बोटात गाडीची किल्ली फिरवत. "टेकडीवरचं ते शुश्रूषागृह ठरल्यातच जमा आहे. कारंजं काय, लिफ्टमधे गाणी काय. त्यांनी खाट संध्याकाळपर्यंतच राखून ठेवलीय. इथं नुसता वेळ जातोय."

"जायचंय मला," आजी म्हणाल्या. "मग जागा मीच बघणार. तुझी मुंज आहे का, तू हॉल ठरवायला?"

"दादा, बघू दे ना तिला," मुलगी म्हणाली. मग हळूच, "आई, दुपारचं औषध राहिलंय बरं का."

"राहू दे. गुंगीत कोणी घर बघतं का? आज डोकं जाग्यावर पाहिजे मला."

इथेच चूक झाली होती, मित्रांनो. पण ती अजून कोणाच्या लक्षात आली नव्हती.

व्यवस्थापकांनी खिडकी दाखवली, पडदे दाखवले, नव्या खुर्चीवर थाप मारून दाखवली. आजींना पलंगावर पडून बघायचे होते. चप्पल घेताना पायात घालून बघतोच की, म्हणाल्या. मुलीने त्यांना निजवले. आजींनी वर पाहिले आणि हसून म्हणाल्या, "टेकडीवर पण हेच. सगळ्यांच्या नाकपुड्या. तिथल्या साहेबांना विचारलं, दुखलं तर काय कराल? म्हणाले, काळजीच करू नका, इथं दुखणारच नाही. मी म्हटलं, हा बाबा देव तरी आहे नाहीतर..."

वाक्य तिथेच तुटले.

त्यांच्या पायांची बोटे आत वळली. हाताने कठडा असा धरला की नखे पांढरी पडली. तोंडातून आवाज नाही. मुलगी "आई, आई" करत पिशवीत औषधाची बाटली शोधू लागली, आणि तिच्या हातातून पिशवीच उलटी झाली. कंगवा, रुमाल, चष्मा, सगळे जमिनीवर.

मोठ्या सिस्टर आल्या. नावाप्रमाणेच मोठ्या. दरवाजातून त्या आल्या की दरवाजा थोडा वेळ दिसत नाही. त्यांनी बाटलीवरचे वाचले, मागचा डोस कधी झाला ते विचारले, डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितले तेवढे औषध आजींना पाजले.

"पाच मिनिटांत एकदम मस्त वाटेल बघा, आजी," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

"नाही वाटणार, साहेब," सिस्टर म्हणाल्या. त्या आजींकडे वळल्या. "आजी, वेळ लागेल. तोवर दुखेल, मधेच वाढेलही. नाही उतरलं तर पुढं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय. उतरेपर्यंत मी इथून हलत नाही."

व्यवस्थापकांचा चेहरा आंबला. मुलाची किल्ली फिरायची थांबली.

"ऐकलंस?" तो बहिणीला म्हणाला. "या स्वतःच सांगतायत, इथं दुखतं म्हणून. उचल आईला. मी गाडी लावतो दारात. तासाभरात टेकडीवर."

"आत्ता गाडीत घालू नका," सिस्टर म्हणाल्या. "रस्त्यातला एकेक खड्डा त्यांच्या अंगात जाईल. औषध लागू पडू दे. मग हवं तिथं न्या, मी अडवणार नाही."

"मी मुलगा आहे त्यांचा."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय."

सिस्टरनी नवी खुर्ची ओढली. तिचे हात कठड्यावर धाडकन आपटले आणि आजी कळवळल्या. सिस्टर तिच्यावर बसल्या, तर आजींपासून हातभर लांब आणि वीतभर उंच. त्या लगेच उठल्या.

"मावशी, बुटकीला आणा."

"अहो, ती भंगारात काढलीय," व्यवस्थापक कुजबुजले. "पाहुण्यांसमोर ती नको."

"मग भंगारातून आणा."

मावशींनी माझ्या डोक्यावरचा गठ्ठा फेकला आणि मला ओढत पलंगाशी नेले. सिस्टर माझ्यावर बसल्या.

करर्र.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मुलाने पाठीवरचा 'भंगार' हा शब्द वाचला आणि तो नुसता हसला. ते हसणे मला तड्याहून खोल गेले. मित्रांनो, मी वीज पडलेल्या झाडाची लेक. पण त्या घटकेला माझे सगळे घराणे एका डाव्या पायात गोळा झाले होते. मी मोडले असते तर सिस्टर आजींवर पडल्या असत्या. आणि आजी कारंज्याकडे गेल्या असत्या, जिथे दुखणारच नाही असे सांगतात आणि दुखले की काय करतात ते सांगत नाहीत.

"कसं दुखतंय?" सिस्टरनी विचारले. आता त्यांचे डोळे आजींच्या डोळ्यांसमोर होते.

"उंदीर," आजी दात आवळून म्हणाल्या. "कुरतडतोय."

"केवढा आहे?"

"उंदीर कसला. घूस आहे मेली."

"बरं. घुशीवर लक्ष ठेवू. तिनं काय केलं ते सांगत जा मला."

मग वाट पाहणे सुरू झाले. तसली वाट मी पुष्कळदा पाहिली आहे, पण तड्यावर उभी राहून कधी पाहिली नव्हती. आजींनी सिस्टरचा हात पिळला की सिस्टर पुढे झुकत, आणि माझ्या पायातला तडा केसभर वाढे. मुलगा दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होता. त्याच्या बुटांच्या दणक्याने जमीन हले, जमिनीबरोबर मी. मुलगी खाली बसून सांडलेल्या वस्तू गोळा करत होती, एकच रुमाल पुन्हा पुन्हा घडी घालत.

"वाढलंय," आजी एकदम म्हणाल्या. "घूस पिल्लं घेऊन आलीय."

मुलगा गर्रकन वळला. "बास झालं. मी उचलतो हिला."

"दादा, थांब," मुलगी म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली. "तुला आई दुखताना बघवत नाही, म्हणून तुला ती जागा हवीय. तिथं आत सोडलं की दिसणार नाही."

तो किल्ली मुठीत आवळून भिंतीला टेकून उभा राहिला. सिस्टरनी ना त्याच्याकडे पाहिले, ना तिच्याकडे. त्या आजींचा श्वास बघत होत्या.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. खुर्चीला वेळ फक्त ओझ्याने कळतो. मग आजींची मूठ थोडी सैल झाली.

"काय करतेय घूस?"

"पिल्लं गेली." पुन्हा बराच वेळ. "घूस... उंदराएवढी झालीय." आणि शेवटी, डोळे मिटून, "आता नुसती शेपटी राहिलीय."

सिस्टरनी सुस्कारा सोडला. मीही सोडला, पण जपून.

तेवढ्यात शेजारच्या खोलीची घंटी वाजली. सिस्टर उठल्या. "शेपटी जाईपर्यंत मी बसले असते, आजी, पण तिकडं बघून येते. लगेच येते." मग मुलाला म्हणाल्या, "तुम्ही बसा तोवर."

"मी उभा ठीक आहे."

"बस रे," आजी म्हणाल्या.

तो पुढे आला. आयुष्यभर उभ्याने बोललेला माणूस दिसत होता. बसायचे कसे तेच त्याला आठवेना. माझी उंची त्याच्या ध्यानात आली नाही. तो वरूनच धपकन बसला.

आणि माझा पाय मोडला.

मुलगा जमिनीवर, मी त्याच्या शेजारी उताणी, किल्ली पलंगाखाली. व्यवस्थापकांनी डोळेच मिटून घेतले. मी मनात म्हटले, संपले. सिस्टरना पेलले, आणि ज्याच्यासमोर मोडायचे नव्हते नेमक्या त्याच्याच खाली मोडले.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. बारीक, खरखरीत, अडखळत. आजी हसत होत्या. मुलगा धडपडत उठू लागला.

"उठू नकोस," आजी म्हणाल्या. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्याचे डोळे आता उशीच्या बरोबर समोर आले होते, आणि ते भरलेले होते. उभा असताना ते कोणालाच दिसले नव्हते.

"आता दिसलास," त्या म्हणाल्या. "आजारी पडल्यापासून तुझ्या नाकपुड्याच बघतेय मी."

तो उठला नाही. कठड्यातून हात घालून त्याने आईचा हात धरला. मग खाली बसूनच, मागे न बघता, बहिणीला म्हणाला, "टेकडीवर फोन कर. म्हणावं, खाट दुसऱ्या कोणाला तरी द्या."

व्यवस्थापकांनी हळूच एक डोळा उघडला.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी मुलगा घरून पोलादी पट्टी आणि खिळे घेऊन आला आणि त्याने माझा पाय जोडला. सुतारकी त्याच्या हाताला ठाऊक नव्हती. पहिला खिळा त्याने स्वतःच्या अंगठ्यावरच मारला. तेव्हापासून मी किंचित डावीकडे कलते. 'भंगार' हा शब्द व्यवस्थापकांनी स्वतः, ओल्या फडक्याने पुसला. आजी त्या पलंगावर राहिल्या, मुलगा रोज माझ्यावर बसला, आणि शेवटच्या सकाळीही तो बसलेलाच होता. तेव्हा घूस नव्हती. शेपटीही नव्हती. हे मी छातीठोकपणे सांगते. यात हत्ती नाही.

उद्या तुमच्या घरातल्या कोणासाठी अशी जागा बघायची वेळ आली, तर कारंजे जरूर बघा, छान असते. पण दुखले तर काय कराल, हेही विचारा, आणि उत्तर देणारा सोपे बोलतो की खरे बोलतो ते ऐका. मग पलंगाजवळची खुर्ची बघा. तिच्यावरचे प्लास्टिक तसेच असेल, तर तिथे कोणी बसत नाही, हे समजा. आणि खुर्ची माझ्यासारखी झिजलेली, डागडुजी केलेली, जरा कललेली असेल, तर तिच्यावर बसून बघा.

फक्त हळू बसा. डावा पाय अजून नाजूक आहे.