बाटलीतलं बाळसं

मूल मोजण्याआधी बूट काढायचे. खिशातले खडे, गोट्या बाहेर. केसांत मणी असतील तर सोडायचे. टाचा फळीला टेकल्या पाहिजेत. हा नियम आमच्या झांबियात आहे तसाच तो इतर कितीतरी देशांत आहे.

*

खाण बंद पडली की आधी दारूचे गुत्ते वाढतात. मग प्रार्थनेचे मांडव.

*

'बारीक' हा शब्द आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत. नवरा बारीक झाला, मग बायको झाली, मग पोर. रोगाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही.

*

मक्याचं पीठ तोलायच्या लटकत्या काट्याला झोळीत मूल अडकवलं, तर ते आधी हसतं आणि मग रडतं.

*

गणवेश शिवताना शहाणी आई दोन्ही बाजूंना थोडं आणि खाली वीतभर कापड आत दुमडून ठेवते. मूल वाढतं, कापड तेवढंच राहतं.

*

त्या रविवारी लुआंशा गावच्या जुन्या खाण-वसाहतीत तो काटा आंब्याच्या फांदीला टांगलेला होता. खाली संदेष्टा ओबेद सियामे पांढऱ्या कोटात उभा होता. कोटाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या, त्या तो बोलता बोलता सारख्या मागे सारत होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या बायका पोरांना खांद्यावर घेऊन टाचा उंचावत होत्या.

"दवाखान्यात गेलात, काय मिळालं?" त्यानं विचारलं.

"चिठ्ठी," गर्दी म्हणाली.

"सरकारकडे गेलात?"

"रांग."

"आणि माझ्याकडे?"

"बाळसं."

मग तो मन्नावर आला. इस्राएलच्या लेकरांना वाळवंटात आभाळातून मन्ना, म्हणजे देवानं धाडलेलं अन्न, मिळाला तो फुकट होता, कारण त्या काळी बाटलीचा खर्च नव्हता. आता स्वर्गातही महागाई आहे. यावर तो स्वतःच पहिला हसला. त्याच्या मागे लाल सरबताच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. रोज सकाळी एक चमचा. महिन्याभरात काडीसारखं पोर गुबगुबीत. न झालं तर आईच्या श्रद्धेत खोट.

मग लुबुतोला झोळीत बसवलं. आठ वर्षांची मुलगी. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल, गाल इतके भरलेले की डोळे बारीक दिसत होते. काट्याची सुई मागच्या महिन्याच्या खडूच्या खुणेपलीकडे गेली आणि बायकांनी जिभा फिरवत आनंदाचा गजर केला. झाडाखाली तिची आई एस्नार्ट उभी होती. ती बाजारात पिठाचे तळलेले गोळे विकते. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी बारीक होत होत गेला. त्यानंतर तिच्याकडचे गोळे घेणारे अर्धे झाले होते, आणि लुबुतोकडे पाहून लोक आवाज खाली आणत. आता तेच लोक तिच्या मुलीसाठी गजर करत होते.

आम्ही मोजणीवाले, शाळाशाळांतून मुलांचं वजन-उंची घेणारे, मागे उभे होतो. आमचे राखाडी सदरे सियामेनं हेरले.

"पाहुणे आलेत," तो म्हणाला. "देशोदेशीची पोरं मोजतात ही मंडळी. काय बाई, तुमचा काटा खोटं बोलतो का?"

नाही, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग उद्या शाळेत यांच्याच काट्यावर तोला. विज्ञानालाही साक्षीला येऊ द्या."

लोक खूश झाले. आम्ही आलो होतो लहान मुलं प्रमाणाबाहेर जड होत चालली आहेत का ते पाहायला, आणि झालो चमत्काराचे साक्षीदार.

*

दुसऱ्या दिवशी शाळेत काट्यानं खरं तेच सांगितलं. लुबुतो खूप जड होती. तिच्यासारखी आणखी बरीच मुलं होती, सगळी त्याच मांडवातली. आकडा वाचला की वर्ग टाळ्या वाजवायचा. शिक्षक हसून म्हणाले, आता संदेष्ट्यालाच जेवणाच्या सुट्टीत बोलवायला हवं, शाळेचा स्वयंपाक वाचेल.

मग उंची. मी फळीची सरकती पट्टी लुबुतोच्या डोक्यावर आणायला लागले. पट्टी खाली येत राहिली. माझ्या अंदाजापेक्षा बरीच खाली येऊन ती टेकली. रांगेत तिच्या मागे तिच्याच वर्गातली एक हडकुळी मुलगी होती, ती हिच्यापेक्षा डोकंभर उंच.

शाळा सुटताना एस्नार्ट आली. तिला आकडा ऐकायचा होता. तो सांगितल्यावर तिनं मुलीच्या झग्याची शिवण मला हौसेनं दाखवली.

"दोनदा उसवली ही बाजू. आता आत कापडच उरलं नाही. शेजारणी म्हणतात, काय गं, पोरीला पिठाच्या गिरणीत निजवतेस का?"

"आणि खालची दुमड?" मी विचारलं. "ती कितीदा उसवलीस?"

तिनं झग्याचा काठ उलटा केला. आतला धागा पहिलाच होता, पोर शाळेत घातली तेव्हाचा. एस्नार्टनं तो धागा नखानं ओढून पाहिला.

इथं एक कोरडी गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जास्त खाऊन लठ्ठ झालेलं मूल सहसा खुजं नसतं. अन्न मुलाला रुंद करतं आणि उंचही करतं. मूल नुसतं रुंद होत असेल आणि उंची थांबली असेल, तर ते अन्नाचं काम नव्हे. एक तर शरीरात काही बिघडलंय, नाहीतर शरीरात कुणीतरी काही घालतंय. एका मुलाच्या शरीरात बिघडू शकतं. एकाच मांडवातल्या इतक्या मुलांच्या शरीरात एकदम बिघडत नाही.

*

एस्नार्टकडची एक बाटली आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टर न्गुलुबेंकडे दिली. त्यांनी लुबुतोचा चेहरा पाहिला, मानेमागची चरबी चाचपली, आणि तपासणीचा निकाल यायच्या आधीच त्यांना कळलं. निकालही तोच आला. सूज आणि दम्यासाठी देतात ती एक गोळी असते. योग्य हातात ती जीव वाचवते. तीच ठोक भावानं आणून, कुटून, साखरेच्या लाल पाकात मिसळलेली. ती भूक खवळवते, पाणी धरून ठेवते, गाल फुगवते, आणि हाडांची वाढ थांबवते. आभाळातला मन्ना औषधांच्या चोरबाजारात मिळत होता.

न्गुलुबेंना काळजी दुसरीच होती. शरीर असाच एक रस स्वतः तयार करतं. बाहेरून तो रोज मिळू लागला की शरीर स्वतःचं काम सोडून देतं. म्हणून हे सरबत एका दिवसात बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं, दवाखान्याच्या देखरेखीखाली. हे सांगायला ते घरोघर गेले. एस्नार्टनं ऐकून घेतलं, पण रविवारपर्यंत थांबते म्हणाली. संदेष्ट्यालाच तोंडावर विचारणार होती.

तिनं विचारलं. उभी राहिली आणि सगळ्यांसमोर काठाची दुमड दाखवून विचारलं.

सियामे चिडला नाही. त्यानं बाह्या मागे सारल्या. "जिथं शंका उगवते," तो शांतपणे म्हणाला, "तिथं मन्ना पडत नाही." सोमवारी सकाळी मांडव रिकामा होता. काटा, बाटल्या, माणूस, सगळं गेलं.

*

आणि मग त्याचा सगळ्यात मोठा चमत्कार घडला. तो निघून गेल्यावर घरातल्या बाटल्या संपल्या आणि मुलं आजारी पडायला लागली.

उलट्या, ग्लानी, उभं राहवेना. वस्तीत एकच बोलणं सुरू झालं. संदेष्ट्याचा अपमान केला, आता भोगा. एस्नार्टच्या दारात बायका जमल्या. आजवर तिच्याशी बोलत नव्हत्या त्यासुद्धा. सियामे पलीकडच्या गावात आहे असं कुणीतरी सांगत होतं; तिथं जा, पाय धर, माफी माग. लुबुतोला साधा ताप आला होता, दुसरं मूल दोन दिवसांत खेळायला लागलं असतं. एस्नार्ट तिला पाठीला बांधून त्या गावाला गेली. तिथं तो नव्हता. पुढच्या गावातही नव्हता. दवाखान्यात आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मुलीचे हात थंड पडले होते.

न्गुलुबेंनी सुई टोचली, सलाइन लावलं. एस्नार्टनं विचारलं, हे काय देताय?

"बाटलीत होतं त्याच जातीचं," ते म्हणाले. "पण मोजून."

"म्हणजे त्याचं खरं होतं?"

"औषध खरं होतं, बाई. तो खोटा होता."

उशीर झाला होता. लुबुतो गेली.

*

आमच्याकडे मयताच्या घरी बाहेर लाकडं पेटवून लोक दिवसचे दिवस बसून राहतात. तिथंही शापाची कुजबूज चाललीच होती. एस्नार्ट घरातून तो झगा घेऊन आली आणि एकेका बाईच्या मांडीवर ठेवत गेली. बाजू बघ, म्हणाली. आता खालचा काठ बघ. यात शाप कुठं आहे ते मला दाखव. एक बाई रडायला लागली, दुसरी उठून घरी गेली. तिनं आपल्या मुलाच्या चड्डीची दुमड पाहिली आणि त्याला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. तिच्या मागोमाग बाकीच्या गेल्या. ती मुलं जगली. महिनोन्महिने थोडं थोडं औषध कमी करत न्गुलुबेंनी त्यांना सोडवलं. त्यांचे गाल उतरले, आणि काही आया तेव्हाही म्हणाल्या, पोर बारीक दिसतंय.

म्हणून सांगते. मुलाचं नुसतं अंग पाहून हरखू नका. महिन्याभरात रुंदी देणाऱ्याकडे उंची मागा. बाटलीत काय आहे ते जो सांगत नाही, त्याला विचारा. तो चिडला तरी विचारा. आणि चमत्कार थांबल्यावर मूल आजारी पडलं, तर चमत्कारवाल्याला शोधू नका. डॉक्टरकडे जा, आणि रिकामी बाटली बरोबर न्या.

बाटली सुरू होण्याच्या आदल्या वर्षी शाळेत सगळ्या मुलांची तपासणी झाली होती. तेव्हा लुबुतोचं वजन तिच्या उंचीला अगदी योग्य होतं.